दात पांढरे करून घेताना: तपासणीपासून देखभालीपर्यंत

लग्न ठरले, परदेशातली नोकरी मिळाली किंवा एखाद्या छायाचित्रात आपले हसू आपल्यालाच खटकले, की दात पांढरे करून घेण्याचा विचार मनात येतो आणि पहिली चौकशी बहुधा बैठका किती व खर्च किती याचीच होते. दंतवैद्याला मात्र त्याआधी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते, ते म्हणजे हा दात मुळात पिवळा का दिसतो आहे. कारण चहाचा डाग, हिरडीलगत साचलेले कीटण, लहानपणी प्यायलेल्या पाण्यातले फ्लोराइड आणि आतून मेलेला दात या चारही गोष्टी आरशात साधारण सारख्याच दिसू शकतात, पण चौघींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतल्या काहींवर व्हाइटनिंगचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून पुढे सांगितलेला क्रम शक्यतो मोडू नये. दात पांढरे करणे हे या क्रमातले शेवटाकडचे काम आहे. तोंड निरोगी असल्याची खात्री त्याच्या आधी व्हायला हवी.

रंग कुठून येतो

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिजांचे बनलेले असते आणि ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असले तरी पूर्ण अपारदर्शक नसते. त्याच्या आतला डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. पिवळ्या भिंतीवर दुधी काच लावावी तसा हा मामला आहे, त्यामुळे निरोगी दातही कागदासारखा पांढरा कधीच नसतो. वय वाढते तसे एनॅमल झिजून पातळ होते, आतला डेंटिन जाड होत जातो आणि दात आपोआप अधिक पिवळे दिसू लागतात. सुळे तर तरुणपणापासूनच शेजारच्या दातांपेक्षा गडद असतात. सुळ्यांपुरत्या पिवळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खरे तर काहीच झालेले नसते.

याशिवायचे डाग दोन प्रकारचे असतात. बाहेरून बसणारे डाग चहा, कॉफी, तंबाखू, विड्यातला कात, मिश्री, लोहाचे पातळ औषध किंवा क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशचा आठवडेच्या आठवडे केलेला वापर यांमुळे पडतात. हा माउथवॉश हिरड्यांच्या उपचारानंतर थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेला असतो आणि लोक तो संपला की पुन्हा आणून चालूच ठेवतात. मग दातांवर तपकिरी थर दिसू लागला की दोष टूथपेस्टला दिला जातो. आतून आलेल्या डागांचे कारण बहुधा बालपणात असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा मानली जाते. दात हाडात तयार होत असतानाच्या वर्षांत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर एनॅमलवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके कायमचे उमटतात. मोठेपणी त्याच गावात राहायला गेलेल्या माणसाच्या दातांवर तसे डाग पडत नाहीत. त्याच वयात टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक दिले गेले असेल, किंवा आईने ते गरोदरपणात घेतले असेल, तर दातांवर करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या येतात.

ब्लीचिंगला, म्हणजे रासायनिक द्रव्य लावून दात उजळवण्याला, पिवळा रंग सर्वांत चांगली दाद देतो, तपकिरी कमी आणि करडा सर्वांत कमी. पहिल्या भेटीत एवढे जरी विचारून घेतले की माझा रंग यांतला कोणता, तरी पुढच्या बऱ्याच अपेक्षा ताळ्यावर येतात.

पहिली पायरी: कोणाकडे जायचे आणि काय तपासून घ्यायचे

भारतात दंतवैद्यकाचा व्यवसाय कायद्यानुसार नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच करायचा असतो आणि महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा मॉलमधल्या खुर्चीवर निळा दिवा लावून दात पांढरे करून देणाऱ्याला दाताची कीड ओळखता येत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबईतले शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे तपासणी आणि दातांची सफाई बरीच स्वस्तात होते. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

ब्रिटन किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक फरक लक्षात घ्यावा. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशानुसार 0.1 टक्क्याहून अधिक आणि 6 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड (दात उजळवणारे रसायन) असलेली किंवा सोडणारी उत्पादने दंतवैद्यामार्फतच वापरता येतात, अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत, आणि ब्रिटनने हेच नियम आपल्याकडे ठेवले आहेत. भारतात दवाखान्यात वापरले जाणारे द्रव्य याहून कितीतरी तीव्र असते. तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन, सगळे एका दिवसात उरकून परत जायचा बेत आखणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी, कारण दात ठणकू लागले तर ते परतीच्या विमानातही ठणकू शकतात.

तपासणी घाईची नसावी. ब्लीचिंगच्या द्रव्यातला पेरॉक्साइडचा रेणू फार लहान असतो. तो एनॅमल आणि डेंटिन ओलांडून काही मिनिटांत दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचतो. निरोगी दात हे सहन करतो. पण दाताला कीड लागलेली असेल, जुन्या सिमेंटच्या कडेला फट पडलेली असेल, दाताला बारीक तडा गेलेला असेल, तर तेच द्रव्य आडवाटेने आणि जास्त प्रमाणात आत जाते, आणि जो दात आजवर गप्प होता तो रात्रभर झोपू देत नाही. म्हणून कीड आधी भरून घ्यावी. हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडली असतील तर तेही दंतवैद्याने दाखवून द्यायला हवे, कारण मुळांवर एनॅमल नसते, ती पांढरी होत नाहीत आणि शिवशिवतात मात्र सर्वांत जास्त. आम्लपित्ताचा जुना त्रास किंवा वारंवार उलट्या होत असतील तर ते आपणहून सांगावे. पोटातले आम्ल समोरच्या दातांच्या आतल्या बाजूचे एनॅमल खाऊन टाकते आणि ते आरशात आपल्याला दिसत नाही.

एकच दात काळा किंवा करडा पडला असेल तर त्याचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. लहानपणी क्रिकेट खेळताना किंवा सायकलवरून पडून लागलेला मार माणूस विसरून जातो, पण त्या दाताची नस केव्हाच मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी पू साचत असतो. तिथे गरज रूट कॅनालची असते.

तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी यांची सवय असलेल्यांच्या बाबतीत या तपासणीला फार मोठे महत्त्व आहे, आणि रंगाच्या हौसेने का होईना, माणूस खुर्चीत येऊन बसला ही चांगलीच गोष्ट म्हणायची. दंतवैद्याने गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू बोटाने चाचपून पाहायला हवा. सुपारीमुळे गालांच्या आत तंतूंचे कडक पट्टे तयार होतात आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. आपली स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे कोणालाही घरी पाहता येते. ती जात नसतील, तिखट खाताना तोंडाची आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर व्हाइटनिंगचा विषय तिथेच थांबवून आधी तोंडाच्या रोगांच्या तज्ज्ञाला दाखवावे. तंबाखू मिसळलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. मिश्री मात्र घरोघरी तव्यावर भाजली जात राहिली, आणि ती लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतही नाही. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणेल. ‘दात कशाने घासता’ असे विचारले तरच खरे उत्तर मिळते.

दुसरी पायरी: सफाई, आणि मग थोडे थांबणे

दातांवर रोज साचणारा मऊ थर वेळच्या वेळी निघाला नाही तर लाळेतली खनिजे त्यात मुरून काही दिवसांतच त्याचे कडक कीटण बनू लागते. ते ब्रशने निघत नाही. दंतवैद्य ते अतिवेगाने कंप पावणाऱ्या टोकाच्या उपकरणाने, पाण्याच्या फवाऱ्याखाली काढतो. त्यालाच स्केलिंग म्हणतात. त्यानंतर पॉलिशिंग झाले की चहाचे, तंबाखूचे आणि माउथवॉशचे बाहेरचे डागही जातात. पुष्कळ जणांना एवढ्यानेच हवे ते मिळते आणि पुढच्या खर्चाची गरजच राहत नाही. सफाई झाल्यावर आरशात नीट पाहून मगच पुढे जायचे की नाही हे ठरवावे, असा माझा आग्रह आहे. सफाई आणि ब्लीचिंग एकाच दिवशी उरकण्याची सवलतीची जाहिरात दिसली तर तिच्यामागे रुग्णाच्या सोयीपेक्षा दवाखान्याची सोय अधिक असते.

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात आणि त्यांच्यात फटी पडतात, हा समज अजून घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षांच्या कीटणामुळे हिरडी सुजलेली असते आणि आतले हाड झिजलेले असते. कीटणाने त्या फटी भरून टाकलेल्या असतात आणि दातांना आधार दिल्याचा भास निर्माण केलेला असतो. ते निघाले आणि सूज उतरली की आधीच झालेले नुकसान उघडे पडते. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. साखर आटोक्यात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा आजार वाढला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते, असा हा दुहेरी संबंध आहे.

स्केलिंगनंतर एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत. या काळात हिरड्यांतून रक्त येणे थांबायला हवे आणि दातांची शिवशिव कमी व्हायला हवी. ज्याच्या हिरड्यांतून ब्रश करताना अजून रक्त येते, त्याच्या तोंडात पेरॉक्साइड घालणे म्हणजे जखमेवर ते ओतण्यासारखेच होय.

तिसरी पायरी: पद्धत निवडणे

दंतवैद्यामार्फत होणाऱ्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिलीत दवाखान्यातच 25 ते 40 टक्के, बहुधा 35 टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड दातांवर लावले जाते आणि तास-दीड तासात फरक दिसतो. दुसरीत आपल्या दातांचे माप घेऊन पातळ, पारदर्शक ट्रे बनवतात, आणि त्यात साधारण 10 ते 16 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल भरून ती घरी, बहुतेक वेळा रात्रभर, दोन ते चार आठवडे घालायची असते. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. 1989 मध्ये हेवूड आणि हायमन या अमेरिकी दंतवैद्यांनी ही रात्रीच्या ट्रेची पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिचा इतका वापर व अभ्यास झाला आहे की तिच्या गुणदोषांबद्दल आता फारसे कोडे उरलेले नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ट्रेची पद्धत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती संथ आहे, पण शिवशिव कमी होते, त्रास वाटला तर एक रात्र खाडा करता येतो, रंग हवा तितका उजळला की थांबता येते आणि तीच ट्रे पुढे काही वर्षे कामी येते. दवाखान्यातल्या बैठकीनंतर आरशात जो लखलखाट दिसतो, त्यातला काही भाग दात कोरडा पडल्यामुळे आलेला असतो. लाळेने दात पुन्हा ओला झाला की थोड्याच दिवसांत रंग काहीसा उतरतो आणि मग माणसाला फसवल्यासारखे वाटते. निळ्या दिव्याचेही तसेच आहे. तो लावला म्हणजे अंतिम परिणामात टिकाऊ भर पडते असे दिसून आलेले नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला काहीतरी मोठे घडते आहे असे मात्र वाटते. ज्यांच्याकडे वेळच नाही, ज्यांना ट्रे तोंडात ठेवली की उमासे येतात, किंवा ज्यांना पहिला उजळपणा झटपट हवा आहे, त्यांनी दवाखान्यातली बैठक अवश्य घ्यावी. लग्नासाठी करून घ्यायचे असेल तर तारखेच्या दोन-तीन महिने आधी पहिली तपासणी व्हावी. हळदीच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्याचे समाधान कोणालाच करता येत नाही.

कॅप, व्हिनियर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेली पातळ कवची) आणि दाताच्या रंगाचे सिमेंट यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. समोरच्या दातांत असे काही असेल तर नैसर्गिक दात उजळतील आणि ते तसेच राहून उठून दिसतील. ते नंतर बदलावे लागणार, हे आधीच हिशेबात धरावे. ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे थांबूनच नवे सिमेंट भरतात. एक तर तोवर रंग स्थिरावतो, आणि दुसरे म्हणजे दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे सिमेंट दाताला नीट चिकटत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे काम पुढे ढकलावे. त्यात निकड काहीच नसते. दुधाचे दात अजून पडायचे आहेत अशा मुलांना तर याचा विचारही नको. पेरॉक्साइडची ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच यापासून दूर राहावे.

चौथी पायरी: सुरुवातीचा रंग नोंदवून घेणे

ही पायरी बरेच दवाखाने गाळतात आणि नंतर ‘काही फरकच पडला नाही’ यावरून वाद होतात. रंग मोजण्यासाठी शेड गाइड नावाची पट्टी असते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पट्टीवर ए, बी, सी, डी अशा चार गटांत मिळून 16 दातांचे नमुने असतात आणि उजळपणाच्या क्रमात बी-1 सर्वांत वर येतो. नमुना दाताशेजारी धरताना दात ओला असावा, लिपस्टिक पुसलेली असावी आणि शक्य तर खिडकीजवळचा दिवसाचा उजेड असावा. दात कोरडा पडला की उजळ दिसतो, त्यामुळे रंग खुर्चीत बसल्या बसल्या, तोंड उघडे ठेवून बराच वेळ जाण्याआधी घ्यायचा असतो. नमुना दातासोबत धरून एक छायाचित्र काढावे आणि त्याची प्रत आपल्याकडेही ठेवावी.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष उपचार

दवाखान्यात बैठक घेत असाल तर आधी ओठ आणि गाल बाजूला धरणारी प्लॅस्टिकची चौकट बसवतात आणि डोळ्यांवर चष्मा देतात. त्यानंतर सगळ्यात निगुतीचे काम येते. हिरड्या हवेने व कापसाने कोरड्या करून त्यांच्या काठावर, दाताला जेमतेम स्पर्श होईल अशा बेताने, एक पातळसर रेझिन सुईच्या टोकातून पट्टीसारखे सोडत नेतात. दातादातांमधल्या हिरडीच्या टोकांवरही ते जायला हवे. मग निळ्या प्रकाशाने ते काही सेकंदांत कडक होते. ही पट्टी कुठे तुटक राहिली की तिथून तीव्र जेल हिरडीवर झिरपते. असे झाले तर चुरचुरते आणि ती जागा पांढरी पडते. त्याच क्षणी हात वर करून सांगावे. सहन करून बसण्यात काही शौर्य नाही. जेल पुसून, पाण्याने भरपूर धुतल्यावर लहानसा पांढरा डाग बहुतेक वेळा थोड्या तासांत ते एक-दोन दिवसांत जातो. जेल साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत लावतात, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पाण्याने धुण्याआधी सक्शनने ओढून घेतात, म्हणजे ते पसरत नाही.

ट्रेची पद्धत असेल तर पहिल्यांदा रिकामी ट्रे दवाखान्यातच घालून पाहावी. तिची कड हिरडीला बोचत असेल तर ती तिथेच कापून गुळगुळीत करून मिळते. घरी रात्रीचे जेवण झाल्यावर ब्रश करावा, दातांच्या फटी फ्लॉसने साफ कराव्यात आणि ट्रेतल्या प्रत्येक दाताच्या खळग्यात, समोरच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढे जेल घालावे. सगळ्यांची चूक इथेच होते: जास्त जेल घातले म्हणजे दात जास्त पांढरे होतील असे वाटते. जास्तीचे जेल फक्त हिरडीवर येते आणि घशात जाते. ट्रे बसवून बोटाने हलकेच दाबावी, कडेला आलेले जेल मऊ ब्रशने किंवा रुमालाने पुसून घ्यावे आणि झोपावे. सकाळी ट्रे काढून गार पाण्याने धुवावी, दात नेहमीसारखे घासावेत. जेलच्या सिरिंज फ्रिजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

पहिल्या काही दिवसांत दात एकसारखे न उजळता ठिगळ-ठिगळ दिसतात आणि आधीपासून असलेले पांढरे ठिपके अधिकच उठून दिसतात. त्याने घाबरून उपचार सोडू नये. आजूबाजूचा दात उजळला की तो फरक पुष्कळसा मिटतो.

शिवशिव आणि आहार

थंड पाणी किंवा हवा लागली की दात शिवशिवणे, मध्येच एखाद्या दातातून विजेसारखी कळ जाणे हा या उपचाराचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे आणि तो बहुतेकांत उपचार थांबवल्यावर काही दिवसांत पूर्ण जातो. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली, शिवशिवणाऱ्या दातांसाठीची टूथपेस्ट उपचाराच्या दोन आठवडे आधीपासून वापरायला लागावे. ट्रे असेल तर हीच पेस्ट ट्रेत भरून दहा ते तीस मिनिटे घातली तरी बराच आराम पडतो. तरीही त्रास झाला तर एक रात्र सोडून एक रात्र जेल वापरावे. एकाच दातात सतत, आपोआप उठणारा ठणका मात्र वेगळा; तो या त्रासात मोडत नाही आणि त्यासाठी दवाखानाच गाठावा.

दवाखान्यातल्या बैठकीनंतर दोन दिवस रंगीत पदार्थ टाळायला सांगतात. कागदावर कॉफी आणि रेड वाइन लिहिलेली असते, पण आपल्या स्वयंपाकघरात खरी अडचण हळदीची आहे. हळदीशिवाय केलेली वरणासारखी आमटी, दहीभात, दूध-भाकरी, इडली आणि पांढरी खोबऱ्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी, पनीर, केळी, सोललेले सफरचंद यांवर हे दोन दिवस सहज निघतात. फोडणीचे पोहे, रस्सा, बीट, सोया सॉस, कोकमाचे सार आणि सोलकढी नको. चहा सुटतच नसेल तर निदान त्यानंतर लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. या काळात सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद. आणि दोन दिवस बंद ठेवता आली, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा का सुरू करायची हे स्वतःला विचारावे. लिंबू सरबत, सोडा, कैरी यांनी आधीच हळवे झालेले दात आंबतात, म्हणून तेही थोडे दिवस दूर ठेवावेत.

ज्यांच्यासाठी वाट वेगळी आहे

रूट कॅनाल झालेला काळा दात बाहेरून पांढरा होत नाही; त्याच्या आत, मुळाचा भाग वरून घट्ट बंद करून, ब्लीचिंगचे द्रव्य काही दिवस ठेवून तो आतून उजळतात. हे काम सांभाळून करावे लागते, कारण क्वचित अशा दाताच्या मानेपाशी मूळ झिजू लागते. म्हणून नंतर अधूनमधून एक्स-रे काढून पाहतात. फ्लोराइडच्या तपकिरी ठिपक्यांसाठी एनॅमलचा अगदी पातळ थर आम्ल आणि बारीक घासद्रव्याने काढण्याची मायक्रोअब्रेजन पद्धत आणि त्यासोबत ब्लीचिंग असा जोड उपचार बऱ्याचदा चांगला लागू पडतो. डाग खोल असतील किंवा एनॅमल खडबडीत असेल तर शेवटी व्हिनियरचा विचार करावा लागतो. टेट्रासायक्लिनच्या करड्या पट्ट्यांना रात्रीची ट्रे काही महिने, कधी सहा महिनेही, घालावी लागते आणि तरी हिरडीजवळचा गडद भाग पूर्ण जाईलच असे नाही. एवढा धीर असणाऱ्यांनीच ती वाट धरावी.

घरगुती उपायांबद्दल थोडेसे. दातावरचे एनॅमल साधारण 5.5 च्या खालच्या सामूला (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन ते तीनच्या दरम्यान असतो. लिंबू आणि सोडा चोळल्यावर दात पहिल्या दिवशी चकचकीत वाटतो, कारण त्याचा वरचा थर गेलेला असतो. पुढे आतला पिवळा डेंटिनच अधिक दिसू लागतो. राखुंडी सोडून दोन पिढ्या झाल्या, आणि आता तीच कोळशाच्या पेस्टच्या रूपाने चढ्या भावात परत आली आहे. ती बाहेरचे डाग खरवडते, दाताचा मूळ रंग बदलत नाही, आणि तिचे काळे कण हिरडीच्या कडेला व जुन्या सिमेंटच्या फटींत अडकून बसतात.

नंतरची देखभाल

उजळलेला रंग साधारण वर्ष ते तीन वर्षे टिकतो. चहा दिवसातून सहा वेळा घेणाऱ्याचा कमी आणि तंबाखू खाणाऱ्याचा आणखी कमी. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने मऊ ब्रश, रोज एकदा फ्लॉस किंवा दातांच्या फटींसाठीचा बारीक ब्रश, आणि सहा महिन्यांनी तपासणी व गरज असल्यास सफाई, एवढे पाळले तर बाहेरचे डाग साचायला जागाच राहत नाही. रंग उतरल्यासारखा वाटला तर पुन्हा सगळा उपचार करायचा नसतो. जुन्या ट्रेत तेच जेल दोन-चार रात्री घातले की पुरते. त्यापेक्षा वारंवार जेल वापरू नये, आणि दर वेळी आधी कीड व हिरड्या पाहून घ्याव्यात.

ट्रे गरम पाण्यात धुतली की वाकडी होते आणि रुमालात गुंडाळून ठेवली की धुण्यात जाते, म्हणून ती तिच्या डबीतच ठेवावी. मधल्या काळात एखाद्या दातावर नवी कॅप बसली किंवा समोर मोठे सिमेंट भरले गेले तर जुनी ट्रे त्या दातावर नीट बसत नाही आणि जेल कडेने बाहेर येते. अशा वेळी पुढच्या तपासणीला ट्रे सोबत न्यावी आणि दंतवैद्याला ती दातांवर बसवून पाहायला सांगावे. बसत नसेल तर नव्याने माप द्यावे.